पिस्तूल ऐनवेळी का अडकतं? आणि मॅगझिनला तेल का लावत नाहीत?

'पिस्तूल साफ करताना गोळी सुटली' अशा मथळ्याची बातमी मराठी वाचकाला नवीन नाही. परवानाधारक व्यापारी असो, सुट्टीवर घरी आलेला जवान असो की ड्युटी संपवून शस्त्र जमा करायला निघालेला पोलीस, बातमीचा साचा साधारण तोच असतो. आणि खाली कुठेतरी एक ओळ असते: मॅगझिन काढलेलं होतं, त्यामुळे पिस्तूल रिकामं आहे असं वाटलं.

मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, हा त्या पत्र्याच्या डबीबद्दलचा पहिला गैरसमज. दुसरा अगदी उलट्या टोकाचा आहे. ती नुसती डबीच तर आहे, तिच्याकडे काय बघायचं? पिस्तुलाची नळी लख्ख करणारी, स्लाइडला तेल देणारी माणसं मॅगझिनवरून फार तर एक फडकं फिरवतात. प्रत्यक्षात पिस्तूल गोळीबाराच्या मध्येच अडकलं, तर अनुभवी आर्मररचा पहिला संशय मॅगझिनवर असतो. आणि ते बिघडण्यामागे बऱ्याचदा कचरा तरी असतो, नाहीतर कुणीतरी मायेनं लावलेलं तेल.

मॅगझिन, खजिना आणि दारूखाना

आपल्याकडे 'मॅगझिन' म्हटलं की आधी नियतकालिक आठवतं. पण हा शब्द मुळात कोठाराचा. अरबीत साठवण्यासाठी जे धातुरूप आहे, त्यातूनच 'मखझन' म्हणजे कोठार आणि आपला 'खजिना' हे दोन्ही शब्द आले. युरोपात जाऊन त्याचं मॅगझिन झालं आणि दारूगोळ्याच्या कोठारांना ते नाव चिकटलं. मुंबईत रे रोडजवळ दारूखाना नावाचा भाग आहे आणि तिथल्या एका रस्त्याचं नाव आजही मॅगझिन स्ट्रीट आहे. तिथे मासिकं विकली जात नव्हती, हे आता सांगायला नको. नियतकालिकाचा अर्थ नंतरचा. १७३१ साली लंडनमध्ये 'द जंटलमन्स मॅगझिन' निघालं, तेव्हा माहितीचं कोठार अशा अर्थानं ते नाव दिलं गेलं.

पिस्तुलाचं मॅगझिन हे त्या कोठाराचं सगळ्यात लहान रूप. मुठीच्या आत सरकणारी, काडतुसं साठवणारी डबी.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण बातम्यांमध्ये 'पिस्तूल' आणि 'रिव्हॉल्व्हर' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिन नसतं, काडतुसं गोल फिरणाऱ्या चक्रीत असतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या शस्त्रातून गोळी लागली, ते रिव्हॉल्व्हर होतं. या लेखातली गोष्ट स्लाइड मागे-पुढे होणाऱ्या पिस्तुलाची आहे.

डबीच्या आत काय असतं?

मॅगझिन उघडलं तर आत फारसं काही नसतं. एक चपटी नळी, तिच्यात उभी स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर ढकलणारा छोटा तुकडा, ज्याला फॉलोअर म्हणतात, आणि खालून सगळं बंद करणारी तळपट्टी. नळीच्या वरच्या तोंडाशी दोन कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना लिप्स म्हणजे ओठ म्हणतात. हे ओठ वरचं काडतूस अडवून धरतात आणि स्लाइडनं मागून ढकललं की नेमक्या कोनात सोडतात.

गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि पुन्हा पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत नळीच्या मागच्या भागात, म्हणजे चेंबरमध्ये नेऊन बसवते. हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात होतं. तेवढ्यात मॅगझिनच्या स्प्रिंगनं पुढचं काडतूस वर आणून ठेवलेलं असावं लागतं. ते थोडं उशिरा आलं तर स्लाइड त्याच्यावरून तशीच पुढे निघून जाते आणि ट्रिगर दाबल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो. काडतूस आलं, पण तिरकं आलं, तर त्याचं नाक चेंबरच्या तोंडाशी अडकतं. दोन्ही वेळा दोष पिस्तुलाला दिला जातो.

जुन्या पिस्तुलांमध्ये काडतुसं एकावर एक सरळ रचलेली असायची. अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलेल्या, जॉन ब्राउनिंग यांच्या प्रसिद्ध पिस्तुलात अशी सात काडतुसं मावत. ब्राउनिंग १९२६ साली गेले. त्यांचं पुढचं पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कारखान्यातल्या दियुदोने सॅव्ह यांनी पूर्ण केलं आणि ते १९३५ साली 'हाय पॉवर' नावानं बाजारात आलं. त्यात सॅव्ह यांनी काडतुसं नागमोडी, दोन रांगांत बसवली आणि तेवढ्याच मुठीत १३ काडतुसं मावली. पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनणारं आणि भारतीय लष्कर व पोलिसांच्या कमरेला दिसणारं '९ एमएम ऑटो १ए' पिस्तूल याच जातकुळीचं.

दोन रांगांची ही युक्ती भारी होती, पण तिनं एक नवी कटकट आणली. खाली दोन रांगा, वर दार मात्र एकच. एसटी स्टँडवर दोन बाजूंनी लोटणारी गर्दी एकाच दारातून आत शिरते तेव्हा जे होतं, तेच मॅगझिनच्या मानेपाशी होतं. सगळे जरा सरकून घेतात तोवर ठीक. मध्ये कुणी पोतं ठेवलं की रांग थांबते. काडतुसांच्या या दारात पोत्याचं काम वाळूचा कण, खिशातला कापूस किंवा चिकट झालेलं तेल करतं.

इराकच्या वाळूनं काय शिकवलं?

मॅगझिनची घाण किती महागात पडू शकते याचं बोलकं उदाहरण अमेरिकी सैन्याच्या बेरेटा एम९ पिस्तुलाचं. १९८५ साली निवडलेलं हे पिस्तूल, मॅगझिनमध्ये १५ काडतुसं. पिस्तूल म्हणून त्याचं नाव चांगलं होतं. पण २००३ नंतर इराकमध्ये सैनिकांकडून तक्रारी येऊ लागल्या की काडतुसं वर येत नाहीत.

पिस्तूल तेच होतं. गडबड बरीचशी मॅगझिनच्या लेपात होती. सैन्याला पुरवलेल्या अनेक मॅगझिनांना आतून-बाहेरून फॉस्फेटचा खरबरीत लेप होता. असा लेप गंजापासून बचाव करायला चांगला, शिवाय तेल धरून ठेवतो. पण इराकची वाळू म्हणजे आपल्या समुद्रकिनाऱ्यावरची जाडी रेती नव्हे. ती पिठासारखी बारीक. ती त्या खरबरीत पृष्ठभागात जाऊन बसली आणि फॉलोअर व काडतुसं नळीच्या भिंतींना घासू लागली. स्प्रिंगचा सगळा जोर त्या घर्षणातच जाऊ लागला. २००६ साली अमेरिकी मरीन दलानं घेतलेल्या एम९ए१ या सुधारित पिस्तुलासोबत वाळूला तोंड देणारी, गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आली. आकार जवळपास तोच, पण कण धरून ठेवायला जागा कमी.

त्याआधी पहिल्या महायुद्धात फ्रेंचांच्या शोशा या हलक्या मशीनगनचीही अशीच बदनामी झाली होती. तिच्या अर्धचंद्राकृती मॅगझिनची एक बाजू उघडी होती, म्हणजे किती काडतुसं उरली ते बाहेरून दिसावं. खंदकातला चिखल त्याच वाटेनं आत गेला.

मग तेल लावलं तर?

घरातलं शिलाई मशीन असो की सायकलची साखळी, कुरकुर सुरू झाली की तेल, हा आपला स्वभाव. पिस्तुलाच्या स्लाइडला ते लागू आहे, कारण तिथे धातूवर धातू जोरात सरकतो. मॅगझिनमध्ये मात्र हालचाल हळू आणि थोड्या अंतराची असते, आणि तळपट्टीच्या फटीतून, वरच्या तोंडातून धूळ सतत आत येत असते. ओल्या तेलाला ती धूळ चिकटते. जळालेल्या दारूची काजळी त्यात मिसळते. काही आठवड्यांनी त्याचं काळं मलम होतं आणि फॉलोअर दलदलीत चालल्यासारखा वर येतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते. पातळ, झिरपणारं तेल काडतुसावर दिवसेंदिवस राहिलं तर ते प्रायमरच्या कडेनं आत शिरून त्यातलं मिश्रण निकामी करू शकतं. चांगल्या दर्जाच्या काडतुसांचं प्रायमर सीलबंद असतं, तरीही हा धोका कशाला घ्यायचा? गंज सोडवण्यासाठी जे फवारे मिळतात त्यांचं तर कामच फटीत शिरणं हे असतं. दाराच्या बिजागरीला ते उत्तम. मॅगझिनच्या आत नकोच.

मग महाराष्ट्रासारख्या ठिकाणी, जिथे चार महिने हवाच ओली, तिथे पोलादी मॅगझिनला गंज चढू नये म्हणून काय करायचं? बाहेरून तेलाचा नुसता हात. म्हणजे फडक्याला थेंबभर तेल लावायचं, ते फडकं बाहेरून फिरवायचं आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. बोटाला तेल लागतंय असं वाटलं तर ते जास्त झालं. कोकणात किंवा मुंबईत मॅगझिन चामड्याच्या पाऊचमध्ये महिनोन्‌महिने ठेवणं हीसुद्धा वाईट सवय. चामडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेली रसायनं धातूला खातात. पाऊच मिरवायला, ठेवायला नाही.

जाता जाता एक गोष्ट. दसऱ्याला, खंडेनवमीला आपल्याकडे पोलीस मुख्यालयांत, घराघरांत शस्त्रपूजन होतं. परंपरा सुंदर आहे, पण हळद, कुंकू आणि अक्षता या तिन्ही गोष्टी मॅगझिनच्या तोंडात जायला अगदी योग्य आकाराच्या आहेत. हळद तर जवळजवळ इराकी वाळूइतकीच बारीक. पूजेनंतर मॅगझिन उघडून झटकलेलं बरं.

साफ करण्याआधीची दोन मिनिटं

साफसफाईतला खरोखर जीवघेणा भाग ब्रश हातात घेण्याआधीच होऊन जातो. पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड पूर्ण मागे खेचायची, म्हणजे चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. मग स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये बघायचं आणि उजेड कमी असेल तर बोटही घालून बघायचं.

हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. आधी स्लाइड खेचली तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस आत नेऊन बसवते. त्यानंतर मॅगझिन काढणाऱ्याला वाटतं आपण दोन्ही कामं केली. केलेली असतातच. फक्त चेंबर भरलेला असतो.

मॅगझिन काढल्यावर पिस्तूल चालत नाही अशी समजूत पसरण्यामागे थोडं तथ्यही आहे. हाय पॉवरच्या रचनेत मॅगझिन बाहेर असेल तर ट्रिगरचा संबंध तुटतो. फ्रेंच सैन्याची तशी मागणी होती म्हणून ही सोय आली. पण १९११ च्या पिस्तुलात ती नाही, ग्लॉकमध्येही नाही. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलेलं आणि आज जगभर पोलिसांकडे असलेलं ग्लॉक तर साफसफाईसाठी खोलतानाच ट्रिगर दाबावा लागतो. एका पिस्तुलावर हात बसलेल्या माणसानं दुसरं उचललं की जुनी सवय धोका देते.

काढलेली काडतुसं त्याच टेबलावर ठेवायची नाहीत, शक्यतो त्याच खोलीतही नाही. एकटं बसायचं, फोन बाजूला ठेवायचा आणि घरात मुलं असतील तर दार लावायचं.

प्रत्यक्ष सफाई कशी करतात?

मॅगझिन पूर्ण रिकामं करून उलटं धरलं की तळपट्टीत बहुतेक वेळा एक भोक दिसतं. त्यातून डोकावणारी खुंटी बोथट टोकानं आत दाबली की पट्टी पुढे सरकते. इथे घाई केली की दाबून बसवलेली स्प्रिंग उसळून थेट तोंडावर येते. म्हणून चष्मा घालायचा, साधा नंबरचा असला तरी चालेल, आणि पट्टी सरकवताना अंगठा स्प्रिंगवर ठेवायचा. स्प्रिंग बाहेर येताना तिचं कुठलं टोक वर होतं आणि वरचा वेटोळा कुठल्या बाजूला चढता होता, याचा फोटो काढून ठेवला तर पुढची अर्धा तासाची झटापट वाचते. उलटी बसवलेली स्प्रिंग हे सफाईनंतर पिस्तूल बिघडण्याचं नेहमीचं कारण आहे. फॉलोअरचं नाक खाली झुकतं आणि पहिलंच काडतूस अडकतं.

नळीच्या आत नायलॉनचा ब्रश, तळाकडून वर आणि पुन्हा खाली. तारेचा ब्रश नको, तो लेप खरवडतो. ब्रशनंतर कापडाची पट्टी ओढायची. एनसीसीत रायफल साफ केलेल्यांना 'पुल-थ्रू' आणि 'चिंदी' हे शब्द आठवत असतील. तीच पद्धत इथे छोट्या रूपात. पहिल्या दोन चिंध्या काळ्या निघतात. पांढरी निघेपर्यंत चालू ठेवायचं, त्यापुढे नाही. ओठांच्या आतल्या बाजूला जुना टूथब्रश उत्तम चालतो. काजळी घट्ट बसली असेल तर सॉल्व्हंटचा एखादा थेंब ब्रशला लावायचा, नळीत ओतायचा नाही, आणि नंतर सगळं कोरडं करायचं. आपल्याकडे रॉकेलनं सगळं धुवायची पद्धत आहे. रॉकेल मळ काढतं हे खरं, पण मागे तेलकट थर सोडतं, त्यामुळे पुसून-वाळवून घेतलं नाही तर मूळ मुद्द्यावरच पाणी पडतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये अडकलेला कापूस चिमट्यानं काढायचा आणि स्प्रिंग कोरड्या फडक्यानं पुसायची.

जोडून झाल्यावर परीक्षा घ्यायची. पेन्सिलच्या बोथट टोकानं फॉलोअर खाली दाबून सोडायचा. तो एका झटक्यात वर आला पाहिजे. अडखळत, एका अंगावर कलत आला तर आत अजून काहीतरी आहे, नाहीतर नळीला पोचा आला आहे. मग रिकामं मॅगझिन पिस्तुलात घालून स्लाइड खेचायची. ज्या पिस्तुलात शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागेच थांबायची सोय आहे, तिथे ती थांबायला हवी. फॉलोअर तिला खालून उचलतो. थांबली नाही, तर स्प्रिंग दमली असण्याची शक्यता बरीच.

हे सगळं रोज करायची गरज नाही. चिखलात, वाळूत किंवा पाण्यात पडलं तर त्याच दिवशी. नियमित सराव असेल तर प्रत्येक वेळी ओठ आणि फॉलोअर पुसायचे, पूर्ण उघडणं अधूनमधून. कपाटात पडून असलेल्या पिस्तुलाकडे निदान पावसाळ्याआधी आणि नंतर बघायचं. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ती आठवड्यांनी परत मिळाली की मॅगझिन न उघडताच कपाटात ठेवणारे पुष्कळ असतात.

पाच गोळ्या, चार सेकंद

लढाई आणि पोलीस बाजूला ठेवले तरी मॅगझिनच्या स्वच्छतेवर पदकं अडू शकतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो .२२ काडतुसांचा खेळ. पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. वेगवान टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, तेवढ्यात एक गोळी. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या मालिकांमध्ये चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या. तिथे काडतूस अडकलं तर हात वर करून पंचांना बोलवावं लागतं.

पंच मग ठरवतात की बिघाड माफ करण्याजोगा आहे की नाही. काडतूस पेटलंच नाही किंवा यंत्रणा अडकली तर सवलत मिळते, तीही मोजक्या वेळाच. मॅगझिन नीट बसवलं नव्हतं म्हणून निसटलं, किंवा त्यात काडतुसं कमी भरली होती, तर ती खेळाडूची चूक. न मारलेल्या गोळ्यांचे गुण शून्य.

.२२ चं काडतूस मॅगझिनच्या दृष्टीनं जरा खोडकर आहे. एक तर गोळी उघड्या शिशाची आणि तिच्यावर मेणासारखं वंगण. ते मेण आणि शिशाचे कण मॅगझिनच्या ओठांवर जमतात, आणि थंडीत मेण आणखी घट्ट होतं. दुसरं म्हणजे काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली किनार. भरताना वरच्या काडतुसाची किनार खालच्याच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली तर स्लाइड ढकलते तेव्हा दोन किनारी एकमेकींत अडकतात आणि रांग तिथेच थांबते. नागरिकांच्या परवान्यावर दिसणाऱ्या .३२ पिस्तुलांच्या काडतुसालाही अर्धवट किनार असते, त्यामुळे हा प्रकार तिथेही घडू शकतो. म्हणून सरावलेले नेमबाज मॅगझिन भरल्यावर त्याची पाठ तळहातावर एकदा हलकेच आपटतात. सिनेमातल्यासारखी ती स्टाइल नाही, काडतुसं मागे सरळ रेषेत बसावीत म्हणून.

भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का?

हा वाद चहाच्या टपरीपासून शस्त्रागारापर्यंत सगळीकडे चालतो. 'एक महिना भर, एक महिना रिकामं ठेव, स्प्रिंगला विश्रांती दे' असा सल्ला देणारे जुने लोक बरेच. धातुशास्त्र मात्र वेगळं सांगतं. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर नुसत्या दाबून राहण्यानं फारशी थकत नाही. ती थकते पुन्हा पुन्हा दाबण्या-सोडण्यानं. पेपरक्लिप एकदा वाकवून ठेवली तर तुटत नाही, पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते. म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली मॅगझिन सतत भरणं-रिकामं करणं हीच उलट झीज.

अपवाद आहे तो काठोकाठ भरलेल्या मॅगझिनचा. जास्त काडतुसं मावावीत म्हणून काही मॅगझिनांमध्ये स्प्रिंग जवळजवळ वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबली जाते. तिथे थोडी कायमची बसकी होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक स्टेनगनच्या ३२ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये मुद्दाम दोन-चार कमी भरत, ते ती अडकू नये म्हणून. आजही एखादं काडतूस कमी भरणारे पोलीस भेटतात, आणि त्यांची सवय अंधश्रद्धा म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

घरातल्या पिस्तुलासाठी मात्र स्प्रिंगचा प्रश्न दुय्यम आहे. मॅगझिन रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, ही पद्धत स्प्रिंगसाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी पाळायची असते.

कधी बाजूला काढायचं?

साफ करून सुधारत नाही अशी तीन दुखणी आहेत. ओठ फाकणं, नळीला पोचा येणं आणि स्प्रिंग बसणं. यातली स्प्रिंग बदलता येते. नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी केली की फरक डोळ्यांना दिसतो. ओठांचं तसं नाही. भरलेलं मॅगझिन फरशीवर तोंडावर पडलं की ओठ केसभर फाकतात, आणि तेवढं काडतुसाचा कोन बिघडवायला पुरतं. पक्कडनं ते परत वळवण्याचा मोह अनेकांना होतो. वळतातही. पण एकदा वाकलेला पत्रा पुढच्या वेळी लवकर फाकतो. कायद्याच्या दृष्टीनंही हे सफाईत बसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात आणि शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे बिघडलेलं मॅगझिन भंगारवाल्याला देण्याची किंवा गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेण्याची वस्तू नाही. ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा खात्याच्या आर्मररकडे जायला हवं.

पण कुठलं मॅगझिन बिघडलंय हे कळणार कसं? दोन-तीन मॅगझिनं सारखीच दिसतात, सरावात एखादं अडकतं, घरी येईपर्यंत ती मिसळतात आणि महिनाभर पिस्तुलाला शिव्या बसतात. यावरचा उपाय दहा रुपयांचाही नाही. प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर रंगानं आकडा टाकायचा: १, २, ३. अडकलं की आकडा वहीत लिहायचा. तोच आकडा दुसऱ्यांदा आला की सफाई आणि नवी स्प्रिंग, तिसऱ्यांदा आला की त्यावर लाल फुली. लाल फुलीचं मॅगझिन कमरेला लावायचं नाही, की स्पर्धेलाही न्यायचं नाही. अडकलेलं पिस्तूल मोकळं कसं करायचं, याच्या सरावासाठी मात्र त्याच्याइतकं कामाचं दुसरं नाही.